वरच्या मजल्यावरची खिडकी

“वर माणूस आहे! खिडकीत माणूस आहे!”

एवढंच मी ओरडलो. जपानीत ओरडलो, तेही बऱ्यापैकी शुद्ध, आणि वर बोट करून ओरडलो. शंख वाजत होते, चारशे घोड्यांचे नाल डांबरावर खडखडत होते. पण माझा आवाज तबेल्यात कमावलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचला आणि माणसं माना वर करून बघायला लागली. ज्याच्या घोड्याचा लगाम माझ्या हातात होता तो सुगावारा तोकुजी, चिलखतात आवळलेला अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, तेवढा वर बघेना. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत शाबासकी नव्हती एवढं मला लगेच कळलं.

मी फलटणकडचा, सर्जेराव भोईटे. वडील पुण्याला रेसच्या तबेल्यात सईस होते, मी तिथेच घोड्यांच्या पायांत वाढलो, आणि पुढे पोटामागे थेट जपानच्या उत्तरेला गेलो. तिथे रेसचे घोडे वाढवणारे मोठे मळे आहेत. पहाटे घोडे फिरवायला त्यांना हलक्या अंगाची, न घाबरणारी माणसं लागतात. हलका मी होतोच, न घाबरण्याचं नाटक करता येत होतं. माझं नाव तिथे कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून मी ‘साराजे’ झालो.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात मालकाने मला हायाते नावाचा घोडा देऊन खाली फुकुशिमाकडे, तोकुजीच्या घरी पाठवलं. तिथे दर वर्षी नोमाओई नावाचा घोड्यांचा उत्सव होतो. जुन्या काळी तिथले सरदार मोकळे घोडे माळावर सोडून आपल्या सामुराईंना लढाईचे धडे देत, असं सांगतात. त्या परंपरेपायी आजही तिथले शेतकरी, पोस्टमन, मास्तर पणजोबांची चिलखतं अंगावर चढवतात, पाठीला घराण्याचं निशाण बांधतात आणि शहरातून माळापर्यंत स्वारी काढतात. माळावर शर्यती होतात. मग आकाशात बार उडवून त्यातून देवाची निशाणं सोडतात आणि ती खाली तरंगत येताना शेकडो स्वार त्यांच्यावर तुटून पडतात. ज्याच्या चाबकाला निशाण अडकलं तो वर्षभर गावात छाती काढून फिरतो. ज्याचा घोडा त्या रेटारेटीत कोलमडला, त्याचं नशीब.

हायाते तीन वर्षं रेसमध्ये पळालेला. पळणं त्याला यायचं, थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवायला मला तीन महिने मिळाले होते आणि घोडा निम्माच शिकला होता. चालता ठेवला की शहाणा, उभा केला की बिथरायचा. मालकाने निघतानाच दम भरला होता, “म्हातारा किंवा घोडा, कुणालाही खरचटलं तर तू सरळ हिंदुस्थानच्या विमानात.” तोकुजीला त्या वर्षी पहिल्यांदाच गावच्या चौदा घोड्यांचा म्होरक्या नेमलं होतं. म्हणजे त्याची अब्रू, माझी नोकरी आणि घोड्याचं डोकं असं सगळं एकाच लगामाला बांधलेलं होतं.

आदल्या दिवशी म्हाताऱ्याने माझ्याकडून नियम घोटून घेतले.

“स्वारीपुढून कुणी आडवं जायचं नाही. आणि स्वारीकडे कुणी उंचावरून बघायचं नाही. देवाची स्वारी आहे ती. वरच्या मजल्यावर कुणी दिसला की ओरडून खाली उतरवायचा. मोठा अधिकारी असो नाहीतर परदेशी पाहुणा.”

“आणि नाही उतरला तर?”

“तो उतरेपर्यंत स्वारी हलत नाही.”

नुसतं बोलणं नव्हतं ते. सकाळी पहिल्याच कोपऱ्यावर एका बाल्कनीत कॅमेरावाला उभा होता. म्हातारा त्याच्यावर असा गरजला की तो बिचारा वरूनच वाकून वाकून नमस्कार करत आत पळाला. ओरडायची भाषाही ठरलेली असते, जुनी, आपल्या बखरीत असते तशी. मला फार मजा वाटली. पुढच्या सबंध रस्त्यावर वरच्या मजल्यांच्या खिडक्या लोकांनी आधीच लावून घेतलेल्या होत्या, आणि मी आपला एखादी उघडी सापडते का म्हणून मान उंच करत चाललो होतो. चहापत्तीच्या दुकानावर ती सापडली. खिडकी सताड उघडी, आणि तिच्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस, काठावर दोन्ही कोपरं टेकून, अगदी निवांत. मला वाटलं, आपण मोठं काम केलं.

मागच्या घोड्यावर कान्नो होता. एरवी गावात दातांचा डॉक्टर, त्या दिवशी सामुराई. तो घोडा रेटत माझ्याजवळ आला आणि दात न उघडता म्हणाला, “गाढवा, काय केलंस हे! ते सेइकिची-सान. आपल्या तोकुजी-सानचे थोरले भाऊ.”

“मग?”

“मग काय? कमरेखाली लुळे आहेत ते. अकरा वर्षांपूर्वी निशाण घेताना यांच्याच घोड्याने त्यांना पाडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. दर वर्षी ते ती खिडकी उघडून बसतात आणि भावाला शिव्याशाप देतात म्हणे. आम्ही कुणी वर बघत नाही. गप मान खाली घालून जातो. सगळं गाव जातं.”

अकरा वर्षं चारशे माणसांनी मिळून जी गोष्ट न बघितल्यासारखी केली होती, ती मी बोट करून दाखवली होती.

तरीही कदाचित निभावलं असतं. तोकुजीने टाच मारली असती तर स्वारी पुढे गेली असती, आणि ‘परदेशी माणूस, त्याला काय कळतंय’ म्हणून लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण माझ्या ओरडण्याने पुढचे घोडे थबकले होते, रस्ता तुंबला होता आणि मागून एक जासूद घोडा फेकत आला. सबंध स्वारीच्या सेनापतीचा निरोप्या. त्याने आमच्यापुढे लगाम खेचला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “पुढील तुकडी का थबकली? सेनापतींची विचारणा आहे!”

आता खोटं बोलायची सोय नव्हती. सगळा रस्ता ऐकत होता. तोकुजी घोड्यावर ताठ झाला.

“उंचावरून स्वारी पाहणारा आढळला. उतरवून घेत आहे. तोवर स्वारीने थांबावे, ही विनंती.”

“जलदी व्हावी!” म्हणून जासूद वळला. म्हातारा माझ्याकडे वाकला. शिरस्त्राणाखालून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“जा. त्याला घेऊन ये. उचलून आण.”

“आणि हायातेला कोण धरील? तुम्हाला एकट्याला तो...”

“जा म्हटलं ना!”

दुकानाच्या दारात एक बाई उभी होती. सेइकिचीची मुलगी, फुमिए. रडकुंडीला आली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “मी सकाळपासून सांगतेय, बाबा, यंदा तरी खिडकी लावू या. ऐकतच नाहीत. जिना तिकडे आहे.” लाकडी जिना, माळ्याला असतो तसा उभा आणि अरुंद. मी हाताने चाचपत वर गेलो.

खिडकीतल्या म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. चेहरा हुबेहूब तोकुजीचाच, फक्त वाळलेला. अंगात धुतलेला, कडक इस्त्रीचा किमोनो होता आणि केस पाणी लावून बसवलेले. शिव्याशाप देणारा माणूस एवढा नटून बसत नाही, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं. पण खाली घोडा खिंकाळत होता आणि माझं लक्ष तिकडे होतं.

“माफ करा,” मी गुडघे टेकून म्हणालो. “चूक माझी आहे. मी नवीन आहे. मी तुम्हाला पाठीवर घेऊन खाली नेतो, म्हणजे स्वारी पुढे जाईल.”

“तूच ओरडलास?”

“हो.”

“कुठला तू?”

“हिंदुस्थानातला.”

“बरा आवाज आहे.” मग तो परत खिडकीकडे वळला. “पण तू ओरडलेला चालत नाही. तू पायी चालणारा. घोड्यावरच्याने ओरडावं लागतं. तुमच्या तुकडीचा म्होरक्या कोण आहे?”

कोण आहे ते त्याला दिसत होतं, मला दिसत होतं, खाली सगळ्या रस्त्याला दिसत होतं.

“तोकुजी-सान,” मी म्हणालो.

“मग त्याला जाऊन सांग. त्याने स्वतः मला खाली उतर म्हणायचं. पुरं म्हणायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक शब्द गाळायचा नाही. तो ओरडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

मला त्याचा भयंकर राग आला. ज्याच्यामुळे पाय गेले त्याच भावाला भर रस्त्यात, चारशे स्वारांपुढे, आपल्या लुळ्या अंगावर ओरडायला लावायचं. अकरा वर्षांचा दावा उगवायला बरा दिवस निवडला म्हाताऱ्याने, असं मनात आलं. मी हात जोडले. “आजोबा, तो घोडा उभा राहत नाही हो. आत्ता उधळेल. खाली पोरंबाळं बसलीत.”

“मग लवकर जा,” तो म्हणाला.

मी जिना उतरलो की घसरलो, आठवत नाही. खाली आलो तेव्हा हायाते रस्त्याला आडवा फिरला होता. मान आत ओढून, तोंडाला फेस, मागचा भाग गर्दीच्या दोरीकडे सरकत चाललेला. दोरीला टेकून एक आजी घडीच्या खुर्चीवर बसलेली होती आणि घोड्याचे पाय तिच्यापासून दोन हातांवर पडत होते. मी लगाम धरला, खांदा लावून त्याला पुढे लोटलं आणि ओरडूनच निरोप सांगितला. हळू सांगायला वेळ नव्हता. “ते म्हणतात, तुम्ही स्वतः ओरडायचं. पुरं. नाहीतर उतरणार नाहीत.”

तोकुजीचा चेहरा पडला.

“ते माझ्याने होणार नाही. तू परत जा, उचल त्याला. नाही म्हणाला तरी उचल.”

“जबरदस्तीने? त्या जिन्यावरून? दोघंही पडू.”

“मग खिडकी लावून घे!”

“लावली तरी सगळ्यांनी बघितलंय, तोकुजी-सान.” हे कान्नो बोलला. त्याचा घोडा मागे दोन पायांवर नाचत होता. “तुम्ही सेनापतींना शब्द दिलाय. काय करायचं ते आत्ता करा, माझ्या हातात राहत नाही हा.”

तेवढ्यात मागून शंख फुंकला गेला. स्वारी का हलत नाही म्हणून कुणीतरी अधीर झाला असावा. तो आवाज हायातेच्या अंगात शिरला आणि घोडा मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहिला. मी लगामाला लोंबकळलो, पाय जमिनीवरून सुटले. आजी खुर्चीसकट मागे कलंडली आणि लोकांनी तिला धरली. कान्नोचा घोडा डांबरावर घसरून पुढच्या गुडघ्यांवर बसला, कान्नो त्याच्या मानेवरून पुढे आला आणि आयाळीला धरून कसाबसा राहिला. त्याच्या मागचे घोडे फिरायला लागले. आता एक जरी चौखूर सुटला असता तरी त्या गर्दीत काय झालं असतं ते मी आजही डोळ्यांपुढे आणत नाही.

हायातेचे पुढचे पाय खाली आले. तोकुजी पडला नव्हता. म्हाताऱ्याने मांड सोडली नव्हती. त्याने एकदा पडलेल्या खुर्चीकडे बघितलं, एकदा गुडघ्यांवरच्या घोड्याकडे. मग त्याने मान वर केली.

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. तोकुजीचे ओठ हलले, आवाज आला नाही. सेइकिची खिडकीत कोपरांवर आणखी पुढे झाला. तो ऐकू यावं म्हणून वाकला होता हे मला खालून स्पष्ट दिसलं, आणि का कोण जाणे, माझा राग तिथेच अर्धा झाला.

“कोण आहे तो!” तोकुजी ओरडला. आवाज फाटला. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “कोण आहे तो! देवाची स्वारी चालली असता उंचावरून न्याहाळतो, ही मजाल कुणाची! घराण्याची चाड असेल, देवाचं भय असेल, तर या क्षणी खाली उतर! उतर खाली! उतरून मातीला माथा लाव!”

शेवटच्या शब्दापर्यंत म्हातारा थांबला नाही. गालांवरून काय वाहत होतं, घाम की आणखी काही, ते मला विचारू नका.

वरून आवाज आला, “उतरतो!” आणि मग जरा खालच्या पट्टीत, “हिंदुस्थानी, ये वर.”

या खेपेला आमच्या तुकडीतल्या एका स्वाराने खाली उडी मारून हायातेला धरला. मी वर गेलो, सेइकिचीला पाठीवर घेतलं. वजन ओटच्या अर्ध्या पोत्याएवढं. त्याचे हात माझ्या गळ्याभोवती घट्ट होते आणि तो सबंध जिनाभर थरथरत होता. मी दोनदा विचारलं, “त्रास होतोय का?”

फुमिएने खुर्ची आणली होती. त्याने मानेनेच नको म्हटलं. मी त्याला रस्त्यावर, घोड्यापुढे बसवलं आणि मागून गुडघ्याचा टेका दिला. त्याने किमोनो नीट केला, दोन्ही पंजे डांबरावर टेकले. उन्हाने ते असं तापलं होतं की माझे कापडी जोड्यांतले तळवे भाजत होते. त्याने त्यावर कपाळ टेकलं.

“कामिनो गावचा सुगावारा सेइकिची. सव्वीस स्वाऱ्या केल्या. तीन निशाणं घेतली. उंचावरून स्वारी पाहण्याचा अपराध घडला. क्षमा असावी!”

असला आवाज त्या वाळक्या छातीतून येईल असं मला वाटलं नव्हतं. तोकुजीने लगाम सावरला.

“अपराध माफ,” तो म्हणाला. त्याने हात वर केला आणि स्वारी हलली.

माळावर दुपारी तोकुजी एका झाडाखाली चिलखतासकट बसून राहिला. डबा उघडला नाही. निशाणांच्या खेळात उतरला नाही. मी समोर बसून माफी मागितली तेव्हा त्याने हात झटकला, जेवायला सांगितलं, आणि तोंड फिरवलं. आपलं विमान ठरलं असं समजून मी त्याचाही डबा खाऊन टाकला. काळजीत मला भूक फार लागते.

चारच्या सुमारास आम्ही त्याच रस्त्याने परत निघालो. ऊन कलतं झालं होतं, रस्त्यावर झाडूवाले आणि तुरळक माणसं. चहापत्तीच्या दुकानापुढे हायाते आपणहून थांबला म्हणावं तर तसं नव्हतं, तोकुजीने थांबवला. सेइकिची खाली, दुकानाच्या दारातच खुर्चीवर बसला होता. कपाळावर डांबराची काळी टिकली तशीच होती. फुमिएने पुसू म्हटलं तर पुसू दिली नव्हती म्हणे.

मी लगाम धरून घोड्याच्या पलीकडे झालो, पण ऐकू सगळं येत होतं.

“‘कोण आहे तो’ म्हणून थांबलास,” सेइकिची म्हणाला. “आमच्या वेळी तिथे थांबायचे नाहीत.”

“दादा.” तोकुजीने शिरस्त्राण काढून हातात घेतलं. “दादा, दर वर्षी तू मला शिव्या द्यायला बसतोस असं वाटायचं.”

“शिव्या? शिव्या कशाला देऊ? निशाणापाठी दोघंही गेलो होतो. मी आधी वळलो असतो तर तू खाली असतास.” मग त्याचा आवाज चढला. “रस्त्यातल्या कुठल्याही पोराटोराला तुम्ही ओरडता. पाहुण्याला ओरडता, अधिकाऱ्याला ओरडता. मी अकरा वर्षं खिडकी उघडून, केस विंचरून बसतो. आणि सगळं गाव माना खाली घालून जातं. एक ओरडत नाही! माझे पाय गेले होते, तोकुजी. तुम्ही मला माणसातूनच उठवलंत.”

घोड्याने पाय आपटला. मी त्याच्या नाकावर हात ठेवला, त्याला गप्प करायला, आणि खरं सांगायचं तर मलाही काहीतरी धरायला हवं होतं.

“मला दिसायचास तू,” तोकुजी म्हणाला. “दर वर्षी कोपऱ्यापासूनच दिसायचास. पण ज्याला मीच पाडलं, त्याला खाली उतर कुठल्या तोंडाने म्हणू?”

“त्याच तोंडाने,” सेइकिची म्हणाला. “दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायचंच नव्हतं.”

तोकुजी घोड्यावरून उतरला. चिलखत जड, वय झालेलं, मी हात द्यायला पुढे झालो तर त्याने मला बाजूला सारलं. तो भावापुढे रस्त्यावर बसला. मी हायातेला घेऊन पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभा राहिलो. अर्धा तास झाला तरी घोडा हलला नाही.